आम्ही गवतात उतरलो

आमच्या विमानाचं चाक मोडलं त्या दिवशी मी जितकी हसले तितकी आयुष्यात कधी हसले नव्हते. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कसनुसा होतो. आमच्या मुख्याध्यापकांनी तर मला काळजीनं दोन दिवस रजा घ्यायला लावली. पण जे घडलं ते असंच घडलं.

मी आणि माझी थोरली जाऊ हैदराबादहून कोल्हापूरला परत येत होतो. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. आक्काच्या लेकीला तिकडे मुलगा झाला होता, त्याचं बारसं उरकून आम्ही निघालो होतो. आक्का छप्पन वर्षांची. कसबा बावड्यात आमच्या घराला लागूनच तिची पिठाची गिरणी आहे आणि ती स्वतः चालवते. गव्हाचं पोतं कुणाची मदत न घेता पाठीवर टाकते आणि वर त्याच्याशी बोलतेसुद्धा. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते. ती खाली राहते, मी वर. चोवीस वर्षं रोज सकाळी कशावरून तरी आमचं वाजतं आणि रोज दुपारी चहा एकत्र होतो.

जाताना आम्ही रेल्वेनं गेलो होतो. येताना जावयानं हौसेनं विमानाची तिकिटं काढली. दोघींचाही पहिलाच विमानप्रवास. विमान छोटं होतं, दोन्ही पंखांवर मोठाली फिरती पाती असलेलं. आक्का शिडीखाली थांबली आणि म्हणाली, "ह्येला बाहिरनं फॅन हाय की गं. आत उकडतंय का काय?"

आमची जागा शेवटून दुसऱ्या रांगेत. हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा, दारं कुठे आहेत ते दाखवू लागली, तेव्हा सगळं विमान मोबाइलमध्ये बघत होतं. एकटी आक्का मान उंच करून, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखी ऐकत होती. हवाई सुंदरी जवळून जाताना आक्कानं तिचा हात धरला.

"बाई, ती घसरगुंडी कुठं असती? फोनात बघितलीया मी. फुगती ती."

त्या मुलीला मराठी थोडंथोडं येत होतं. ती हसून म्हणाली, "हे विमान लहान आहे, यात नसते."

"मग वेळ आली तर?"

"नाही येणार, मावशी."

पलीकडच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ हे ऐकून हसले. डोक्याला पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, गुडघ्यांमध्ये काठी. "पावणं कुठलं?" त्यांनी विचारलं. आक्कानं बावडा सांगितलं. ते मुरगूडचे निघाले. पस्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले, मुलाकडे महिनाभर राहून एकटेच परत चालले होते. एवढं कळल्यावर आक्काला आणि त्यांना काही कमी पडलं नाही. दोघांचे मिळून मुरगूडात चार नातेवाईक निघाले. विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून आक्काचं मनगट धरलं होतं आणि हे दोघं माझ्या डोक्यावरून कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलत होते.

ड्रायव्हर काकांचं (मी मनात त्यांचं हेच नाव ठेवलं) सारखं विमान चालवणाऱ्याकडे लक्ष होतं. "आता उतार लागला बघा." "आता जरा दाबलं." "वळण चांगलं घेतलं." खाली उसाचे फड दिसायला लागले, मग पंचगंगेचं वळण. दुपारचे साडेतीन वाजले असतील. स्वच्छ ऊन. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि ऊसतोड नुकतीच लागली होती, तिकडे माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. मला पहिल्यांदाच बरं वाटलं. मी आक्काचं मनगट सोडलं.

चाकं टेकली. थोडा हादरा बसला. "झ्याक टेकवली," काका म्हणाले.

ते म्हणाले आणि खालून धाडकन आवाज झाला.

तो आवाज मला नीट सांगता येत नाही. एखादं लोखंडी कपाट जिन्यावरून पडावं तसा. विमान डावीकडे खचलं. आम्ही उजवीकडे बसलो होतो, त्यामुळे आम्ही वर गेलो आणि काका खाली. मग खरखर, घासण्याचा आवाज, दातांतून जाणारा. आणि या सगळ्यात आक्का अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "पट्टा तुटला."

तिनं डावा हात लांब करून भिंतीवर काहीतरी चाचपायला सुरुवात केली. पण डावीकडे भिंत नव्हती, मी होते. ती माझ्या कानाजवळ, गालावर, नाकावर बटण शोधत होती. गिरणीचा पट्टा तुटला की असाच आवाज होतो आणि पहिली मोटर बंद करायची असते. तिनं माझं नाक दोनदा दाबलं.

खिडकीबाहेर धावपट्टी होती ती सरकत गेली आणि तिच्या जागी गवत आलं. उंच, वाळत आलेलं गवत, काचेवर सटासट आपटत होतं. बगळ्यांचा एक थवा घाबरून उडाला. मग आम्ही तिरके होऊन, धूळ उडवत, एका गचक्यानं थांबलो.

वरचा एक कप्पा उघडून त्यातली कुणाची तरी पिशवी फुटली होती. मोसंबी एकामागून एक खाली पडून, उतारावरून घरंगळत काकांच्या पायाशी गोळा होत होती. सगळं विमान त्या मोसंब्यांकडे बघत होतं.

आणि मग ती गोड बोलणारी मुलगी ओरडली. इतका मोठा आवाज त्या बारीक अंगातून आला कसा, देव जाणे. "सीटबेल्ट खोलो! सामान छोडो! इस तरफ से, राइट साइड! जल्दी!"

माझा पट्टा सुटेना. उचलायची ती पट्टी मी दाबत होते. आक्कानं एका झटक्यात तो सोडला आणि माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. मागचं उजव्या बाजूचं दार उघडलं होतं, तिथून उजेड येत होता. माणसं एकामागून एक त्यात नाहीशी होत होती. मी निघाले. दोन पावलांनी लक्षात आलं की आक्का मागे नाही.

ती काकांपाशी उभी होती. काका पट्टा बांधून, दोन्ही हात काठीवर ठेवून, तिरक्या खुर्चीत ताठ बसले होते.

"उठा की पावणं!"

"ड्रायव्हर कुठाय?" काका म्हणाले. "ड्रायव्हरनं सांगू दे. मग उतरतो."

"आवं, विमान पडलंय!"

"म्हणून तर. आसल्या टायमाला ड्रायव्हरचं ऐकायचं असतंय."

ते घाबरले होते, हे मला नंतर कळलं. ओठ पांढरे पडले होते आणि बोटं काठीवरून सुटत नव्हती. आक्काला ते तेव्हाच कळलं असणार, कारण तिनं वाद घातला नाही. तिनं त्यांचा पट्टा सोडला, काठी काढून खुर्चीवर टाकली, खाली वाकली, "हुं" केलं आणि काका तिच्या खांद्यावर आले. डोकं पाठीकडे, पाय पुढे. टोपी मात्र डोक्यावर घट्ट.

"बाई! खाली ठेव मला! लोक बघालेत!"

"बघू द्या. हलू नका, तोल जातोय."

दारात ती मुलगी उभी होती. तिनं हे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. विमान डावीकडे कलल्यामुळे उजवीकडचं हे दार चांगलंच वर आलं होतं. खालच्या माणसाच्या डोक्याएवढी उंची. खाली गवतात दोघं-तिघं प्रवासी हात वर करून थांबले होते. आक्कानं काकांना बगलेत धरून, पोत्याचं तोंड जात्यावर टेकवावं तसं हळूच सोडलं आणि ओरडली, "घ्या खालनं! नीट धरा, जुनी वस्तू हाय!"

मग तिनं निऱ्या वर खोचल्या आणि उडी मारली. पदर दाराच्या कडीला अडकला. अर्धा क्षण ती पदराला लोंबकळली, मग टर्रकन आवाज झाला आणि ती गवतात उभीच्या उभी उतरली. बारशात मिळालेली नवी कोरी साडी. तिनं वर पदराच्या चिंधीकडे बघितलं आणि लेकीच्या सासरच्यांबद्दल एक वाक्य बोलली, ते इथे लिहीत नाही.

आता दारात मी आणि ती मुलगी. माझे पाय खिळले. "आंटी, कूदो!" मुलगी म्हणाली. खालून आक्का दोन्ही हात पसरून, "मार उडी! मार की! मी हाय न्हवं!"

ती होती म्हणून मी उडी मारली. तिच्यावरच मारली. आम्ही दोघी गवतात कोलमडलो, दोनदा गडगडलो, माझा चष्मा कुठे गेला कळलं नाही आणि आक्का म्हणाली, "आई गं, माझा पाय."

पाय मुरगळला होता. पण बसायला वेळ नव्हता. "दूर जाओ, दूर!" असं सगळीकडून ओरडणं चाललं होतं. आक्का एका पायावर उड्या मारत, एक हात माझ्या खांद्यावर, एक काकांच्या. काका काठीशिवाय, तिच्याच आधारानं. कोण कुणाला धरून चाललं होतं ते सांगणं अवघड. लाल बंब आमच्या शेजारून गेला आणि विमानाच्या डाव्या अंगावर पांढरा फेस मारू लागला. आग लागली नव्हती, लागलीही नाही. पण ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

बरंच लांब आल्यावर लोक थांबले आणि तिथे गोंधळ सुरू झाला. कुणी परत बॅग आणायला निघालं होतं, कुणी फोन लावत होतं, कुणी नुसतंच गोल फिरत होतं. एक बाई "माझे आई-बाबा कुठे" म्हणून रडत होती आणि आई-बाबा तिच्या मागेच उभे होते. माझ्या आत काय झालं मला माहीत नाही. पंचवीस वर्षं जो आवाज मी मैदानावर वापरते तो आपोआप बाहेर पडला.

"रांगेत! सगळ्यांनी खाली बसायचं! दोन-दोनच्या जोड्या! कुणी जागा सोडायची नाही!"

आणि सगळे बसले. सूट घातलेले, कपाळावर गॉगल चढवलेले, सगळे. जोड्या करून, मांडी घालून, गवतात. मी रांगेवरून बोट फिरवत मोजू लागले. मोजणी पुरी झाली तेव्हा त्रेचाळीस भरले. ती मुलगी धापा टाकत आली, तिनं पुन्हा मोजले, तेही त्रेचाळीस. "ऑल आउट," असं ती कुणाला तरी ओरडून म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून, "आप टीचर हैं?"

मी उत्तर द्यायच्या आत दुसऱ्या जोडीतल्या टाय लावलेल्या, पन्नाशीच्या एका गृहस्थांनी करंगळी नाही, पण अख्खा हात वर केला.

"मॅडम, पाणी प्यायला जाऊ?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. ते खरोखर परवानगी मागत होते.

पहिली फुटली आक्का. तिचं हसू म्हणजे आधी आवाजच येत नाही, नुसतं पोट हलतं, मग एकदम किंकाळी. मग मी. मग ते टायवाले स्वतः, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग रडणारी ती बाई, तिचे आई-बाबा, सगळी रांग. आम्ही गवतात लोळलो. कुणीतरी मध्येच "मोसंबी!" म्हणालं आणि पुन्हा सुरू. मी थांबायचा प्रयत्न केला, तर आक्का माझ्या नाकाकडे बघून म्हणाली, "बटण कुठंय तुझं?" माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. बंबावरचा माणूस मान वळवून आमच्याकडे बघत होता. बहुतेक आमच्या डोक्यांना मार लागलाय असं त्याला वाटलं असणार.

सगळ्यांत शेवटी विमान चालवणारी बाहेर आली. बाई होती. बाई कसली, माझ्या पुतणीएवढी पोरगी, तिशीची. तिच्या बरोबरचा सहकारी तिच्याशी काहीतरी बोलत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. ती आमच्या रांगेजवळ आली आणि एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. हात मागे धरले होते. ते थरथरत होते म्हणून धरले होते.

हसणं विरलं. तेवढ्यात काका आक्काच्या खांद्याला धरून उठले.

"तू ड्रायव्हर व्हय?"

तिला मराठी येत नव्हतं. मी मधे उभी राहून हिंदीत सांगू लागले.

"गाडी डावीकडं वढत असणार. लई वढत असणार. तू धरून ठेवलीस. मला कळत हुतं बसल्या जागी, तू झुंजालीस म्हणून. न्हायतर पलटी हुती." काका थांबले. "माझा एकदा घाटात पुढचा टायर फुटला. पन्नास माणूस आत. कुणाला खरचटलं न्हाय. तरी हात आसंच कापत हुतं. दोन दिस कापतील, तिसऱ्या दिशी थांबतील. मग परत गाडीवर बसायचं. घरात बसायचं न्हाय."

मी सगळं सांगितलं. तिनं मागचे हात पुढे आणले आणि काकांचे दोन्ही हात धरले. चारही हात कापत होते. "थँक यू, अंकल," ती म्हणाली. काकांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "आता ड्रायव्हरनं सांगितलंय म्हणायचं. आता उतरलो मी."

तिला हे भाषांतर करून सांगताना मी पुन्हा हसायला लागले आणि तीसुद्धा.

बसमधून आम्हाला इमारतीत नेलं. पाणी, चहा, डॉक्टर, नाव-गाव. बाहेर माझे यजमान आणि थोरले दीर आम्हाला न्यायला आले होते. त्यांनी कुंपणाबाहेरून धुळीचा लोट बघितला होता. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी कशी काढली ते दोघंही आजवर सांगत नाहीत. थोरले दीर तसेही दिवसाला दहा शब्दांवर बोलत नाहीत. दार उघडलं, आक्का फाटक्या पदरानं, केसांत गवत, एका पायावर उड्या मारत बाहेर आली. दीर तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आलीस?"

"आलो."

"लंगडालीस का?"

"हिनं माझ्या अंगावर उडी टाकली."

दिरांनी माझ्याकडे बघितलं. यजमानांनी बघितलं. मी तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. आम्ही दोघी त्या दारात एकमेकींना धरून पुन्हा हसत सुटलो. दीर "गाडी आणतो" म्हणून पुढे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. यजमान बघायला गेले तर ते आपल्याच गाडीच्या पाठीमागे, डिकीवर डोकं टेकवून उभे होते.

घरी न जाता आम्ही राजारामपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. संध्याकाळची गर्दी. एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, वर न बघता लिहीत होते.

"कशानं झालं?"

"इमानातनं उतरताना," आक्का म्हणाली.

"शिडीवरून घसरलात?"

"शिडी न्हवती."

डॉक्टरांनी वर बघितलं.

"उडी मारली. म्हंजे मी नीट उतरलोवतो. मग ह्या वरनं आल्या."

मी बाहेर जाऊन बसले. आतून आक्काची किंकाळी आली, मग डॉक्टरांची. हाड मोडलं नव्हतं. तीन आठवडे पट्टी आणि पाय उशीवर, असं डॉक्टरांनी सांगितलं; आक्कानं पाय उशीवर दोनच दिवस ठेवला.

चौथ्या दिवशी मी वर्गात पाढे घेत होते. मागे कुणाचा तरी स्टीलचा डबा फरशीवर धाडकन पडला. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन. मधल्या सुट्टीत आक्काला फोन केला. ती म्हणाली, "मला बी गिरणी चालू कराय हुईना झालंय. बटणावर हात जातोय, आन् माघारी येतोय." त्या दुपारी मी शाळेतून थेट गिरणीत गेले. ती कानांवर हात ठेवून उभी राहिली आणि बटण मी दाबलं. मोटर घरघरली, पट्टा फिरला. आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, मग आक्का कान सोडून म्हणाली, "बघतीस काय, गहू वत."

विमान आठवडाभर तिथेच गवतात कलून पडलं होतं. दुचाक्यांवरून लोक बघायला जात होते. रविवारी आक्का म्हणाली, "चल की, आपलंच हाय, बघून येऊ." माझ्या स्कूटीवर मागे, पट्टीचा पाय बाजूला लांब काढून ती बसली. रस्त्यावर चांगली पन्नासभर माणसं उभी होती, भेळेची गाडीसुद्धा लागली होती. आमच्या शेजारी एक गृहस्थ दोघा-तिघांना सगळं समजावून सांगत होते. आक्काची पट्टी बघून त्यांनी तिला पुढे जागा करून दिली.

"या पावणं, हिथनं चांगलं दिसतंय. दोनशे माणूस हुतं बघा आत. सगळ्यांची शुद्ध गेलती. आन् त्यात एक पैलवान हुता. वस्ताद माणूस! त्यानं एकेकाला खांद्यावर टाकून बाहेर काढलं. दोनशेच्या दोनशे!"

मी आक्काकडे बघायचं टाळलं. तिचं पोट हलायला लागलं होतं.

"पैलवान कुठला हुता वो?" तिनं विचारलं.

"आपल्या बावड्याकडचाच म्हणत्यात."

"आगं बया," आक्का म्हणाली. "आन् दिसाय कसा हुता?"

गृहस्थांनी दोन्ही हात बाजूला पसरून छातीची रुंदी दाखवली. आक्का खूप वेळ त्या दोन हातांच्या मधल्या अंतराकडे बघत राहिली. मग तिनं दोन भेळ सांगितल्या, एक त्या गृहस्थांना दिली आणि म्हणाली, "पहिल्यापासनं सांगा. मला नीट ऐकायचंय."